केसांतलं मीठ

यंत्र आलं त्या दिवशी मेमे फुंचोकनी गावभर सांगितलं की, म्हात्रेच्या डोक्यावर एकही केस नाही म्हणून सरकारने ते त्याच्या ताब्यात दिलंय, चोरून स्वतःसाठी वापरायची भीती नको. मेमे म्हणजे आजोबा. फुंचोक साऱ्या गावाचेच आजोबा आहेत आणि त्यांना अडवणारं कोणी उरलेलं नाही.

खरं कारण साधं होतं. चुर्मा गावात बंद पडलेली वस्तू उघडून, दुरुस्त करून, एकही स्क्रू उरू न देता परत बंद करणारा माणूस मी एकटाच. मी कल्पेश म्हात्रे. मूळ पेण तालुक्यातला, मिठागरवाल्याचा मुलगा. लडाखच्या पूर्वेला, चांगथांगच्या पठारावर साडेचौदा हजार फुटांवर सौर पॅनेलांचं मोठं शेत आहे, तिथे २०२९ साली देखभालीला आलो. एक वर्ष काढायचं आणि परत जायचं असं ठरवून आलो होतो. मग यांगडोल भेटली आणि बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत माझी लडाखी भाषा ‘जुले’ हा नमस्कार, नावापुढचा मानाचा ‘ले’ आणि चार शिव्या यांच्या पुढे सरकली नाही. घरात आम्ही हिंदी बोलतो आणि भांडताना ज्याची त्याची.

यंत्र बुटांच्या खोक्याएवढं होतं. कागदावर त्याचं नाव तीन ओळींचं होतं, गावाने ते ‘ओन्पो’ करून टाकलं. ओन्पो म्हणजे ज्योतिषी. फक्त हा ज्योतिषी पुढचं काही सांगत नसे, मागचं सांगायचा.

त्याचं काम असं. माणसाचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्या महिन्यात रक्तात जे काही फिरत असतं त्याचा कण केसाच्या गाभ्यात अडकतो आणि तिथेच राहतो, कारण डोक्याबाहेरचा केस मेलेलाच असतो. यंत्र केस स्वच्छ धुऊन घेतं, मग लेसरने टोकापासून मुळापर्यंत कणाकणाने जाळत नेतं आणि त्या धुरातलं आयोडीन मोजतं. रक्ताची तपासणी तुमची आजची गोष्ट सांगते. एक वीतभर केस तुमचं मागचं दीड वर्ष, महिन्यामहिन्याने, काढून दाखवतो.

आयोडीनच का, तर ती समुद्राची चीज आहे. समुद्रातून हवेत, पावसातून मातीत, मातीतून धान्यात आणि आपल्या ताटात. पण या डोंगरांची माती हिमनद्यांनी हजारो वर्षं धुऊन खाली नेली, त्यामुळे इथल्या जवात आणि पाण्यात ते नसल्यासारखंच. गळ्यात श्वासनलिकेवर थायरॉईड नावाची छोटी ग्रंथी असते, तिला ते लागतं. किती, तर आयुष्यभराचं सगळं मिळून एका चमच्यात मावेल इतकं. पण तेवढं मिळालं नाही की ती ग्रंथी फुगते, गळा सुजतो आणि माणूस मंदावतो. थंडी फार वाजते, झोप पुरत नाही, आवाज घोगरा होतो, मन कशात लागत नाही. आता साडेचौदा हजार फुटांवर बसून थंडी वाजते आणि दम लागतो अशी तक्रार केली, तर ती कोण मनावर घेणार? इथे सगळ्याचं खापर उंचीवर फुटतं.

कागदोपत्री आमचं गाव उत्तम होतं. आयोडीन घातलेल्या मिठाची पाकिटं दर महिन्याला घरोघरी मिळत होती. वर्षातून दोनदा नर्स यायची, मिठावर एक थेंब टाकायची, मीठ निळं व्हायचं, ती वहीत खूण करायची. तरीही गळे सुजत होते. हे कोडं सोडवायलाच यंत्र आलं होतं.

मी बेचाळीस घरांतले केस जमवले. पहिला घोटाळा मेमे फुंचोकांचाच झाला. मागच्या हिवाळ्यात ते दोन महिने गोंपात, म्हणजे मठात, ध्यानाला बसले होते असं गाव समजत होतं. त्यांच्या शेंडीत नेमक्या त्याच दोन महिन्यांत आयोडीन चौपट झालेलं दिसलं.

“मेमे-ले, कुठल्या गोंपात इतकं चांगलं जेवण मिळतं?” मी विचारलं.

“लेहमधल्या,” ते म्हणाले. “माझ्या पुतण्याचं हॉटेल आहे तिथे. तुझं हे खोकं फार चहाडखोर आहे रे.”

बाकी सगळ्या गावाचा आलेख सारखाच निघाला. उन्हाळ्यात थोडा वर, हिवाळ्यात खाली, आणि एकूणच कमी. मेमेंनीच मग खरं काय ते सांगून टाकलं. चहात घालायचं मीठ पिढ्यान् पिढ्या खालच्या खाऱ्या सरोवराच्या काठावरून येतं. लोणी घालून घुसळलेल्या गुरगुर चहाला तेच मीठ हवं, दुसऱ्याची चव लागत नाही. मग सरकारी पाकीट कुठे जातं? बकऱ्यांना. “औषध घातलेलं मीठ आहे ना, मग आधी त्यांना. पश्मिना त्या देतात, आम्ही नाही.” नर्स आली की पाकीट पुढे करायचे, मीठ निळं व्हायचं, सगळे खूश. चुर्माच्या बकऱ्यांच्या थायरॉईडला जगात तोड नसेल. त्या बिचाऱ्या त्यातलं थोडंफार उन्हाळ्यात दुधातून परत द्यायच्या, म्हणून गाव तगून होतं.

हे ऐकून मी खूप हसलो. हसत घरी आलो आणि दारातच थांबलो, कारण आमच्या घरी बकरी नव्हती.

यांगडोल चुलीजवळ बसली होती. दोन शाली, वर माझं जाकीट. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. आठ वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा ती लेहच्या शाळेत गणित शिकवायची, वसतिगृहात राहायची, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची आणि माझ्या हिंदीतल्या चुका फळ्यावर लिहून दाखवायची. हळूहळू ती शांत होत गेली. इथल्या गावच्या शाळेतली नोकरी सोडली, मग दुपारी झोपू लागली, मग सकाळीही. मी म्हणायचो, बाई संसारात मुरली. मला ती शांतता आवडायला लागली होती, हे आता लिहायलाही लाज वाटते.

“तुझा एक केस दे,” मी म्हणालो.

“सगळ्या गावाचे घेतलेत, माझा कशाला?”

“त्रेचाळिसावं घर आपलंच आहे.”

तिने वेणीतून एक उपटून दिला. लडाखी बायका केस कापत नाहीत. तो केस मीटरभर भरला. मी माझ्या मिशीतलाही एक घेतला, आलेख ताडून पाहायला.

माझी मिशी सुखात होती. माझी बहीण वर्षातून दोनदा पेणहून सुकट आणि सुके बोंबील पाठवते. फोनवर म्हणते, “दादूस, वैनीला वास येतो ना, बाहेर शिजव आपलं.” यांगडोल मासे खात नाही, इथे कोणीच खात नाही. एका माणसाचं पोट भरायला किती मासे मरतात, त्यापेक्षा एक याक पुष्कळ जणांना पुरतो, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे समुद्र मी एकटाच खात होतो.

तिचा केस जळायला दोन तास लागले. टोकाकडचं आयोडीन अगदी भरपूर होतं, ते लेहच्या वसतिगृहातले दिवस. मग लग्नानंतरचे पहिले तीन-चार महिने. आणि तिथून रेष जी खाली आली ती परत वर गेलीच नाही. गावातल्या कुठल्याही माणसापेक्षा खाली. मुळापासून साठ सेंटिमीटरवर ती जवळजवळ तळाला टेकली होती. साठ सेंटिमीटर म्हणजे साठ महिने, म्हणजे पाच वर्षं. पाच वर्षांपूर्वी आमचं मूल सहाव्या महिन्यात गेलं.

मी यंत्र बंद केलं. मग परत सुरू केलं, जणू दुसऱ्यांदा ते वेगळं काही दाखवणार होतं.

रेष कधी आणि का खाली आली ते मला यंत्राने सांगायची गरज नव्हती. लग्नानंतर यांगडोल पाकिटातलंच मीठ वापरायची, वसतिगृहाची सवय. चौथ्या महिन्यात आम्ही तिच्या आईकडे गेलो. तिथला चहा तोंडात घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बापाच्या मिठागरातल्या कच्च्या मिठाची चव होती ती, किंचित कडवट, मातकट. बाप जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि मिठागराच्या जागी गोदामं उभी राहिली होती. इतक्या लांब, इतक्या उंचावर घर तोंडात आलं, असं मी तिला म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी सरोवराचं मीठ. पाकीट शेजारच्या बकऱ्यांना. एकदा ती म्हणाली होती, “नर्स म्हणते, पाकिटातलंच वापरा.” मी म्हणालो होतो, “नर्सला चहातलं काय कळतं?”

दुसऱ्या दिवशी लेहच्या डॉक्टर आंगमोंशी पडद्यावर बोललो. त्यांनी रक्त मागवलं, आठवड्यात उत्तर आलं. थायरॉईड जवळपास झोपली होती.

“रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी,” त्या म्हणाल्या, “आणि पाकिटातलं मीठ. दोन महिन्यांत बायको परत मिळेल तुम्हाला.”

“डॉक्टर, ते मूल... त्यामुळेच का?”

“एका माणसाबद्दल खात्रीने नाही सांगता येत. शंभर बायकांबद्दल विचारलंत, तर हो म्हणेन.”

यांगडोलला मी एवढंच सांगितलं की, थायरॉईड मंद आहे, गोळी घ्यायची. ती बरं म्हणाली. कुठल्याही गोष्टीला ती तेव्हा बरंच म्हणायची. सरोवराच्या मिठाची पिशवी मी गुपचूप उचलली आणि पॅनेलांच्या शेडमागे ओतून आलो.

तिसऱ्या आठवड्यात तिने माझं जाकीट परत केलं. पाचव्या आठवड्यात मी कामावरून आलो तर घर रिकामं. शोधत गेलो, तर बाई टेकडीवर चढून बसल्या होत्या आणि जोरजोरात पाढे म्हणत होत्या.

“सत्तावीसचा येतो अजून!” ती वरून ओरडली. “म्हात्रे-ले, मला वाटलं होतं मी म्हातारी झाले. मी म्हातारी नव्हते हो!”

तिचा आवाज मोकळा झाला होता. ती बोलायला लागली आणि थांबेचना. घरातल्या खिडक्या, शाळेतली कुठली मुलं आता कुठे असतील, माझ्या शर्टाचा रंग, सगळ्यावर तिला मत होतं. तिला पाहून मला आनंद होत होता आणि त्याच वेळी भीती वाटत होती. झोपलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. जागा झाला की तो विचारणारच.

तिने विचारलं ते प्रदक्षिणेच्या दिवशी.

मूल गेलं त्याच्या आठ दिवस आधी ती मामेबहिणीच्या लग्नाला खिंड ओलांडून गेली होती. तिची आई नको म्हणत होती. यांगडोलने ते मनात धरलं. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला ती गावाबाहेरच्या स्तूपाला एकशे आठ प्रदक्षिणा घालते, मुलाची क्षमा मागत. मी पाण्याची बाटली घेऊन कडेला बसतो. मी तिला कधी दोष दिला नाही. पण तुझी चूक नव्हती, हेही कधी सांगितलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं, असं मी स्वतःला सांगत असे. यंदा माहीत होतं.

मागच्या वर्षी तिला पूर्ण दिवस लागला होता. यंदा ती भराभर चालत होती. चाळिसाव्या फेरीला ती माझ्यासमोर थांबली आणि पाणी मागून घेतलं.

“खिंडीत मला दमसुद्धा लागला नव्हता फारसा,” ती म्हणाली. “आता आठवतंय. मी हळूहळू गेले होते. रस्ताभर झोप येत होती. म्हणजे मी आधीच आजारी होते ना? गोळी आत्ता सुरू झाली, पण हे कधीपासून होतं? खोक्याने सांगितलं असेल. तुम्ही मला आलेख दाखवलाच नाहीत.”

मला खोटं बोलता आलं असतं. आलेखावर सही झाल्याशिवाय तो लेहला जात नाही आणि मी सही केली नव्हती. पुसून टाकायला एक कळ पुरली असती, नवा केस घ्यायची वेळ आली, तर तिच्याकडून फक्त मुळाजवळचा तुकडा घ्यायचा, असंही मी मनात ठरवून ठेवलं होतं. पण समोर अडुसष्ट फेऱ्या बाकी होत्या आणि त्या सगळ्या ती क्षमा मागत घालणार होती.

“चालू नकोस,” मी म्हणालो. “बस इथे.”

मी सगळं सांगितलं. वसतिगृह, तिच्या आईचा चहा, माझा बाप, नर्सचं ते वाक्य, माझे बोंबील. फोनवर आलेख होता तोही दाखवला. तिने तो दोन बोटांनी मोठा केला आणि गणिताच्या बाईसारखा, अक्ष-बिक्ष तपासून वाचला. मग वेणी पुढे घेतली आणि डोक्यापासून विती मोजत खाली आली. तीन विती, थोडं खाली. कंबरेपाशी तिचा हात थांबला.

“इथे,” ती म्हणाली.

“हो.”

“तुम्हाला आवडतो म्हणून मी तो चहा करत होते.”

“माहीत आहे.”

मी माफ कर म्हणायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

“थांबा. काही म्हणू नका. कितीतरी वर्षांत मला राग आला नव्हता, यायला अंगात काही हवं ना. आता येतोय. तुम्ही माफी मागितलीत तर मला लगेच ‘बरं’ म्हणावं लागेल, आणि मला नाही म्हणायचं.”

राहिलेल्या फेऱ्या तिने घातल्या नाहीत. उठताना एवढंच म्हणाली, “परवा गावाची सभा आहे. मिठाबद्दल सांगणार आहात ना? हेही सांगा. तुम्ही सांगायचं, नर्सने नाही.”

सभेला सगळं गाव आलं. माझी लडाखी म्हणजे तोंडाला कुलूप, म्हणून नेहमीप्रमाणे मी हिंदीत एक वाक्य बोलायचं आणि यांगडोलने ते लडाखीत सांगायचं असं ठरलं. नेहमी म्हणजे पॅनेलांखाली बकऱ्या बांधू नका, एवढंच सांगायला आम्ही उभे राहिलो होतो आजवर.

मी मिठाचं सांगितलं. तिने सांगितलं. बकऱ्यांचं सांगितलं, लोक हसले. मग मी म्हणालो, “या गावातला सगळ्यात वाईट आलेख माझ्या घरातला आहे.” तिने ते स्वच्छ आवाजात सांगितलं. “माझी बायको पाकिटातलं मीठ वापरत होती. मला घरची आठवण यायची म्हणून मी ते बंद करायला लावलं.” तेही सांगितलं. ‘माझी बायको’च्या जागी तिने काय शब्द वापरला, ‘मी’ की ‘त्याची बायको’, मला कळलं नाही. “नर्सने बजावलं होतं, मी तिची टिंगल केली.” लोक आता हसत नव्हते.

“आणि आमचं मूल गेलं,” मी म्हणालो, “त्याला खिंड कारण नसावी. हे कारण असावं.”

ती गप्प झाली. पुढच्या रांगेत तिची आई बसली होती. सगळं गाव तिच्या तोंडाकडे पाहत होतं आणि हिंदी समजणारे अर्धे लोक खाली पाहत होते. मला वाटलं, आता हे वाक्य इथेच राहणार. मग तिने ते सांगितलं, एका दमात, आईकडे बघत. म्हातारीने तोंडावर पदर धरतात तशी शाल धरली.

माझं बोलणं संपलं होतं. यांगडोलने मात्र पुढे आणखी दोन वाक्यं सांगितली, जी मी बोललो नव्हतो. लोक उठले, एकेक करून निघून गेले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

त्याच आठवड्यात गावातल्या बकऱ्यांचं सरकारी मीठ बंद झालं आणि त्यांना सरोवराचं मीठ मिळू लागलं. त्याच आठवड्यात यांगडोल लेहला गेली. जुन्या शाळेत गणिताची जागा होती, हिवाळा संपेपर्यंत. पेटी मी गाडीत चढवली. गोळ्यांची चिठ्ठी, रक्त तपासायची तारीख, सगळं तिच्या पर्समध्ये आहे की नाही ते दोनदा विचारलं. ती म्हणाली, “आहे.” परत कधी येशील ते मी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग मी एकटा राहिलो. चुर्मात एकटं राहणं म्हणजे नुसतं एकटं नव्हे. चार मैल दिसतं आणि त्यात हलणारं काही नसतं. सकाळी मी पॅनेलं पुसतो, दुपारी पुसतो, वाऱ्याने परत धूळ येते. गावातले लोक भेटतात, जुले म्हणतात, लाकडं हवीत का, लोणी हवं का विचारतात. सगळं द्यायला तयार. पण त्या सभेतल्या गोष्टीबद्दल अक्षर नाही. शिव्या नाहीत, टोमणा नाही, जाऊ दे झालं ते, असंही नाही. मला वाटायला लागलं, या लोकांनी मला मनातून वाळीत टाकलं. कोणीतरी तोंडावर बोलावं म्हणून माझा जीव तडफडायचा.

शेवटी मी मेमे फुंचोकांनाच गाठलं. ज्यांनी माझ्या टकलाला सोडलं नाही ते या बाबतीत गप्प, हे मला सहन होईना.

“मेमे-ले, मला बोला काहीतरी. मी चुकलो ते बोला.”

“नाही बोलता येत,” ते म्हणाले.

“का?”

“तुला कळलं नाही होय ती शेवटी काय म्हणाली ते? तुझी बारा वर्षं फुकट गेली बघ.” ते थोडं हसले आणि मग हसायचे थांबले. “ती म्हणाली, हा माणूस माझा आहे. याबद्दल त्याला गावात कोणीही काही बोलायचं नाही, जे बोलायचं ते मी बोलेन.”

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. मेमेंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण बोलले काही नाहीत. तिचा शब्द त्यांनी पाळला.

आता दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. ती शाळेबद्दल बोलते, पोरांच्या उनाडक्या सांगते, रक्ताचा आकडा सांगते, तो आता चांगला आहे. माझं जेवण विचारते. मी उत्तरं देत राहतो आणि प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबतो, तिला जागा ठेवतो. ती फोन ठेवते. मी पुढच्या रविवारची वाट बघत बसतो. तिने अजून ते बोललेलं नाही.